मुलांचा ल्युकेमिया आणि जनुकीय रिपोर्ट: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निदान होऊन जेमतेम आठवडा झालेला असतो, पहिल्या केमोची सलाईन चालू असते आणि तेवढ्यात जनुकीय तपासणीचा रिपोर्ट हातात पडतो. त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो, कुणीतरी त्यातली अक्षरं गुगलवर टाकून बघतं आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर उपचार करताना हेच प्रश्न मला जवळपास रोज ऐकायला मिळतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. लहान मुलांत सर्वाधिक दिसणारा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) म्हणजे एएलएल, अर्थात ॲक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया, त्यामुळे भर त्याच्यावर आहे. एएमएल, म्हणजे ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, या दुसऱ्या प्रकाराबद्दलही पुढे थोडं आहे.

आमच्या दोन्ही घराण्यांत हा आजार कुणालाच नाही. मग हे म्युटेशन (जीनमधला बदल) आलं कुठून?

बहुतेक मुलांत ते आई-वडिलांकडून आलेलं नसतं. रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत बदल घडतो, ती पेशी वाढत जाते आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत तो बदल उतरतो. मुलाच्या बाकीच्या शरीरात तो नसतो आणि पुढे त्याच्या मुलाबाळांकडेही जात नाही.

हा बदल कधी घडतो, याचा शोध लंडनमध्ये मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने लावला. ब्रिटनमध्ये नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते जाड कागदावर सुकवून ठेवतात. पुढे ल्युकेमिया झालेल्या काही मुलांचे असे जुने कागद त्यांनी तपासले आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजारी पेशींतला अगदी तोच जीनबदल जन्मानंतरच्या त्या थेंबांतही सापडला होता. म्हणजे अनेक मुलांत पहिला बदल आईच्या पोटातच झालेला असतो. पण एवढ्याने सहसा आजार होत नाही. असा बदल घेऊन जन्मलेल्या बहुतेक बाळांना आयुष्यभर काहीही होत नाही. आजार व्हायला त्यावर आणखी बदल घडावे लागतात.

याला अपवाद आहेत. शंभरातल्या साधारण पाच ते दहा मुलांत जन्मजात धोका असतो, उदाहरणार्थ डाउन सिंड्रोम, फॅन्कोनी ॲनिमिया किंवा टीपी५३ या जीनमधला आनुवंशिक दोष. घरात कमी वयात वेगवेगळे कॅन्सर झालेले असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मामाच्या किंवा आत्याच्या घरचे असले तरी सांगा.

गरोदरपणात माझ्याकडून काही चुकलं का?

नाही. हा प्रश्न आया एकट्या असताना, हळू आवाजात विचारतात. ग्रहणात बाहेर पडल्यामुळे, काही खाल्ल्यामुळे किंवा जास्त काम केल्यामुळे हे होत नाही. घरातलं कुणी असं बोलत असेल तर त्यांना आमच्याकडे घेऊन या, आम्ही समजावून सांगू.

पाठच्या भावंडालाही तपासायचं का?

साधारणपणे गरज नसते. सख्ख्या भावंडांचा धोका इतर मुलांपेक्षा किंचित जास्त असतो, तरी मुळात तो फार कमी आहे. एकसारख्या जुळ्यांचं मात्र वेगळं आहे. पोटात दोघांची वार एकच असेल तर एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. एका जुळ्याला वर्षाच्या आत ल्युकेमिया झाला, तर दुसऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

रिपोर्टमध्ये ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय. म्हणजे वाईट ना?

तसं नाही. शोधलेला बदल सापडला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ईटीव्ही६-रनएक्स१ (दोन जीन एकमेकांना जोडले जाऊन झालेला बदल) पॉझिटिव्ह आलं तर आम्हाला बरं वाटतं, कारण ते आजाराच्या सर्वांत सौम्य प्रकारांपैकी एक आहे. उलट सगळं ‘निगेटिव्ह’ आलं म्हणजे धोका टळला, असंही नाही. जे शोधलं ते सापडलं नाही, इतकंच.

तो आकड्यांचा रिपोर्ट वाचायचा कसा?

एक उदाहरण घेऊ. समजा, रिपोर्टमध्ये असं लिहिलंय: ५४,एक्सवाय,+४,+६,+१०,+१४,+१७,+१८,+२१,+२१[१२]/४६,एक्सवाय[८].

चौकटी कंसातले आकडे पेशींचे आहेत. एकूण २० पेशी पाहिल्या, त्यांतल्या १२ आजारी होत्या आणि ८ नेहमीसारख्या. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, पण या आजारी पेशींत ५४ आहेत. अधिक चिन्हापुढचा आकडा म्हणजे कुठलं गुणसूत्र जास्तीचं आहे ते. ४ क्रमांकाचं एक जास्त, ६ चं एक जास्त, असं वाचत जायचं. २१ दोनदा आलंय, म्हणजे त्याच्या दोन प्रती जास्त आहेत. एक्सवाय म्हणजे मुलगा.

याला हायपरडिप्लॉइडी म्हणतात. एएलएल झालेल्या साधारण चारातल्या एका मुलात ती दिसते आणि ती चांगली समजली जाते, त्यातही ४ आणि १० ही दोन्ही जास्तीची असतील तर अधिकच. या पेशी मेथोट्रेक्सेट हे औषध स्वतःमध्ये जास्त साठवून घेतात, त्यामुळे त्या औषधाने लवकर मरतात.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात अनुभवी प्रयोगशाळाही सावध असतात. ज्या पेशीत गुणसूत्रं खूपच कमी, म्हणजे पंचवीस-तीसच उरलेली असतात, ती हायपोडिप्लॉइड पेशी. हा आजाराचा अवघड प्रकार. अशी पेशी कधी कधी आपली सगळी गुणसूत्रं दुप्पट करते आणि मग मोजल्यावर पन्नास-साठ भरतात. वरवर पाहिलं तर ती चांगल्या हायपरडिप्लॉइडीसारखीच दिसते. फरक एवढाच की हिच्यात जास्तीची गुणसूत्रं जोडीजोडीने वाढलेली असतात, कुठलंही तीन नसून चार असतं. म्हणून ‘५६ गुणसूत्रं, चांगलं आहे’ असं कुणी फोनवर सांगून मोकळं झालं, तरी डीएनए इंडेक्स किंवा मायक्रोॲरे या अधिक बारकाईच्या तपासण्यांनी खात्री झाली का, हे जरूर विचारा.

कॅरिओटाइप नॉर्मल आला, पण फिशमध्ये बदल दिसला. खरं कुठलं?

दोन्ही. कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली नुसती पाहतात. त्यासाठी पेशी प्रयोगशाळेत वाढाव्या लागतात, आणि एएलएलच्या पेशी बाहेर नीट वाढत नाहीत. अनेकदा वाढतात त्या शेजारच्या निरोगी पेशीच, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. शिवाय ईटीव्ही६-रनएक्स१ मध्ये १२ आणि २१ या गुणसूत्रांचे जे तुकडे अदलाबदल होतात ते दिसायला सारखेच असतात, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. फिशमध्ये ठरावीक जीनला चमकणारा रंग लावून शोधतात, म्हणून तिथे तो सापडतो. त्याच तपासणीत रनएक्स१ चे ठिपके पाच किंवा जास्त दिसले, तर आयएएमपी२१ हा वेगळा प्रकारही लक्षात येतो. त्याला साधे उपचार पुरत नाहीत, जोरकस द्यावे लागतात.

एक कळकळीची विनंती. मुलाला ताप, हाडदुखी, अंगावर निळे डाग असं काही असेल आणि रक्ततपासणीत पेशी कमी-जास्त असतील, तर कारण नक्की होण्याआधी स्टेरॉइड सुरू करू नका. स्टेरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी काही दिवस दबतात, बोन मॅरोत (हाडांतल्या मगजात, जिथे रक्त तयार होतं) नीट सापडत नाहीत आणि या सगळ्या तपासण्या अर्धवट राहतात.

मग चांगले बदल कोणते आणि अवघड कोणते?

एएलएल पांढऱ्या पेशींच्या दोन जातींपैकी एकीतून होतो, बी-पेशींतून किंवा टी-पेशींतून. बी-पेशींच्या एएलएलमध्ये ईटीव्ही६-रनएक्स१ आणि हायपरडिप्लॉइडी हे दोन चांगले प्रकार. जगभरात मिळून निम्म्याच्या आसपास मुलं यांतली असतात. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत ईटीव्ही६-रनएक्स१ चं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आणि टी-पेशींच्या आजाराचं जास्त आढळलं आहे.

टीसीएफ३-पीबीएक्स१ एके काळी वाईट मानलं जायचं. आताच्या उपचारांनी ही मुलं चांगली बरी होतात. त्याच नावाशी मिळतंजुळतं टीसीएफ३-एचएलएफ मात्र अतिशय दुर्मीळ आणि खरोखर कठीण आहे, म्हणून रिपोर्टमधलं नाव अक्षर न अक्षर वाचा. हायपोडिप्लॉइडी, केएमटी२ए या जीनमधला बदल, आयकेझेडएफ१ या जीनमधली तूट आणि ज्याला फिलाडेल्फियासदृश म्हणतात तो गट (‘फिलाडेल्फिया’ म्हणजे काय, ते पुढच्या प्रश्नात), हे जास्त धोक्याचे. हायपोडिप्लॉइडीच्या एका प्रकारात, जिथे गुणसूत्रं ३२ ते ३९ असतात, टीपी५३ मधला दोष बहुतेक मुलांत असतो आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांत तो आनुवंशिक निघतो. तिथे आई-वडिलांचीही तपासणी करतात.

‘फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह’ आलंय. सगळं संपलं का?

मुळीच नाही, आणि हे ठासून सांगायला हवं, कारण इंटरनेटवरचे जुने लेख वाचून पालक खचलेले असतात.

९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल१ हा जोडजीन तयार होतो. १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ते छोटं गुणसूत्र प्रथम दिसलं, आणि १९७३ मध्ये जॅनेट रावली यांनी ती अदलाबदल असल्याचं दाखवलं. एएलएलच्या शंभरात तीन ते पाच मुलांत हा बदल असतो. नुसत्या केमोवर यांतली थोडीच मुलं वाचत, बहुतेकांना बोन मॅरो प्रत्यारोपण करावं लागे. मग इमॅटिनिब आलं. हा जोडजीन ज्या प्रथिनाच्या जोरावर पेशी वाढवतो, त्या प्रथिनालाच ही गोळी अडवते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात केमोबरोबर ती सलग दिल्यावर तीन वर्षांनी आजारमुक्त असलेल्या मुलांचं प्रमाण पूर्वीच्या ३५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं. आता डासाटिनिबही वापरतात.

आपल्या दृष्टीने आणखी एक तारीख महत्त्वाची आहे: १ एप्रिल २०१३. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची ग्लिवेकच्या (तिच्या इमॅटिनिबचं हे नाव) पेटंटची मागणी फेटाळली आणि भारतीय कंपन्यांचं स्वस्त इमॅटिनिब बाजारात टिकलं. त्या निकालाचा फायदा आजही आपल्या मुलांना मिळतोय.

बाळ सात महिन्यांचं आहे आणि केएमटी२ए आलंय. खरं सांगा.

हा अवघड आजार आहे. वर्षाच्या आतल्या एएलएलमध्ये दहातल्या सात-आठ बाळांना हा बदल असतो, आणि नुसत्या केमोने निम्म्याहून अधिक बाळांत आजार परततो किंवा आटोक्यात येत नाही. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ३० बाळांना केमोबरोबर ब्लिनाट्युमोमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा (ते शरीरातल्या टी-पेशींना कॅन्सरपेशींवर सोडतं) एक कोर्स दिला गेला. दोन वर्षांनी ८१.६ टक्के बाळं आजारमुक्त होती. आधीच्या बाळांत हाच आकडा ४९.४ टक्के होता. अभ्यास छोटा आहे, औषध महाग आहे, सलग चार आठवडे शिरेतून द्यावं लागतं. तरीही या बाळांसाठी इतक्या वर्षांत एवढी मोठी सुधारणा दिसली नव्हती. ते औषध कुठल्या केंद्रात मिळू शकतं, हे डॉक्टरांना पहिल्या महिन्यातच विचारा.

जीन चांगला आहे, तरी डॉक्टर ‘हाय रिस्क’ का म्हणतात?

कारण धोका एकट्या जीनवर ठरत नाही. वय एक ते दहाच्या दरम्यान आणि सुरुवातीला पांढऱ्या पेशी ५०,००० च्या आत असतील तर बरं मानतात. मेंदूभोवतीच्या पाण्यात पेशी सापडल्या का, तेही पाहतात. आणि या सगळ्यांवर मात करते ती एमआरडी, म्हणजे उपचारांनंतर उरलेल्या आजाराची मोजणी.

पहिला महिनाभर उपचार झाल्यावर बोन मॅरो पुन्हा तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो बहुधा स्वच्छ दिसतो. पण हरळी वरवर खुरपली की रानही स्वच्छच दिसतं, पावसाळा आला की मुळं जमिनीत होती हे कळतं. एमआरडी तपासणी ती मुळं शोधते. दहा हजार पेशींत आजाराची एक पेशी उरली असली, तरी सापडते. ०.०१ टक्के ही नेहमीची सीमारेषा. त्याखाली असेल तर ‘निगेटिव्ह’ म्हणतात आणि इथे निगेटिव्ह म्हणजे खरोखर चांगली बातमी.

मला विचाराल तर, जीनचा रिपोर्ट हा पहिल्या दिवशीचा अंदाज आहे. औषधाला तुमच्या मुलाचा आजार प्रत्यक्ष किती दबला, हे एमआरडी सांगते. जीन अवघड पण एमआरडी निगेटिव्ह असेल तर आशेला भक्कम आधार आहे. जीन चांगला पण एमआरडी पॉझिटिव्ह असेल, तर उपचार वाढवायलाच हवेत, तिथे ‘जीन चांगला आहे ना’ म्हणून मागे हटू नका.

टी-सेल (टी-पेशींच्या) एएलएलमध्ये नॉच१ म्युटेशन निघालं. आता काय?

निम्म्याहून अधिक टी-सेल मुलांत ते असतं. त्यावर उपचार सहसा बदलत नाहीत. इथे एमआरडीकडेच लक्ष ठेवा.

आमच्या मुलाला एएमएल आहे. त्याचं काय?

एएमएलमध्ये जनुकीय रिपोर्टचं वजन आणखी जास्त असतं. ८ आणि २१ ची अदलाबदल, १६ क्रमांकाचा उलटलेला तुकडा, एनपीएम१ आणि सीईबीपीए हे बरे. एफएलटी३-आयटीडी आणि ७ क्रमांकाचं गुणसूत्र गळालेलं असणं हे अवघड, त्यात पहिल्याच खेपेला प्रत्यारोपणाचा विचार होतो.

एपीएमएल हा एएमएलचाच एक प्रकार, पण तो स्वतंत्र समजा. पीएमएल-आरएआरए हा त्याचा जोडजीन. सुरुवातीच्या दिवसांत रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो, म्हणून नुसता संशय आला तरी रिपोर्टची वाट न पाहता एट्रा हे औषध सुरू करतात. ते दिवस निभावले, की एट्रा आणि आर्सेनिकवर नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या लहानग्यांचा एएमएलही वेगळा असतो. त्यांच्यात गाटा१ म्युटेशन सापडतं आणि कमी ताकदीच्या केमोवर ही मुलं फार छान बरी होतात. ‘आधीच डाउन, त्यात कॅन्सर’ म्हणून उपचार नाकारणारी घरं आहेत, तेव्हा फार वाईट वाटतं. कारण एएमएलच्या सर्वांत बऱ्या होणाऱ्या मुलांत त्यांचा नंबर लागतो.

एनयूडीटी१५ ची तपासणी कशासाठी?

हा जीन आजाराचा नाही, मुलाचा स्वतःचा आहे. मेंटेनन्समध्ये (उपचारांच्या शेवटच्या, लांबलचक टप्प्यात) रोज दिली जाणारी ६-एमपी ही केमोची गोळी शरीर कशी पचवतं, ते यावर ठरतं. याच कामासाठी पूर्वी टीपीएमटी हा जीन तपासायचे, पण आपल्या लोकांत एनयूडीटी१५ चे बदल जास्त आढळतात. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली असेल, तर नेहमीच्या डोसच्या पाचव्या-सातव्या हिश्शानेही पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. गोळी सुरू झाल्यावर काउंट सारखे पडत असतील आणि ही तपासणी झालेली नसेल, तर मागून घ्या. डोस कमी केला म्हणजे उपचार कमी पडला, असं नसतं. या मुलांना तेवढाच डोस पुरतो.

एनजीएसचं (एकाच वेळी खूप जीन वाचणाऱ्या तपासणीचं) मोठं पॅनेल करायचं का? खर्च झेपत नाही.

आधी चार गोष्टी नीट होऊ द्या: फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी), कॅरिओटाइप, मुख्य जोडजीनांसाठी फिश किंवा पीसीआर, आणि महिन्याअखेरची एमआरडी. यांत काहीच ठोस सापडलं नाही, किंवा एमआरडी पॉझिटिव्ह राहिली, तर मोठ्या पॅनेलला अर्थ आहे. त्यात फिलाडेल्फियासदृश प्रकारातला एखादा जीन सापडला तर इमॅटिनिबसारखी गोळी लागू पडू शकते. ज्या उत्तराने उपचार बदलणार नाही, त्यासाठी दागिने मोडू नका. तो पैसा प्रवासाला, जंतुसंसर्ग झाल्यावरच्या ॲडमिशनला आणि रक्त-प्लेटलेटला लागतो.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा आणि कुठल्या तपासण्या बसतात, कुठल्या नाहीत, ते विचारून घ्या.

जीन वाईट आलाय. मग एवढा पैसा आणि त्रास घालण्यात अर्थ आहे का?

हा प्रश्न बहुधा आजोबा किंवा मोठे काका विचारतात. घराची जबाबदारी त्यांच्यावर असते, त्यामुळे त्यांचा राग येत नाही. पण माझं उत्तर ठाम आहे: अर्थ आहे.

१९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी पहिल्यांदा औषधाने मुलांचा ल्युकेमिया काही महिने रोखून दाखवला. त्याआधी हा आजार झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जायचं. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात निम्मी मुलं बरी होऊ लागली. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत एएलएलची साधारण ९० टक्के मुलं वाचतात. आज ज्याला ‘अवघड जीन’ म्हणतो, त्यातही अनेक प्रकारांत निम्मी किंवा त्याहून अधिक मुलं बरी होतात.

आपल्याकडे आकडे यापेक्षा कमी आहेत. त्याला निव्वळ जीन जबाबदार नाही. निदान उशिरा होतं, उपचारांदरम्यान जंतुसंसर्गाने मुलं दगावतात, आणि उपचार मध्येच सुटतात. तिसरं कारण सर्वांत जिव्हारी लागतं. पहिल्या महिन्यात मूल हसू-खेळू लागतं, भूक लागते आणि घरी वाटतं की झालं बरं. पेरणीचे दिवस असतात, मजुरी बुडत असते, दुसरं लेकरू आजीकडे असतं. मग कुणीतरी काढ्याचं नाव सांगतं. ईटीव्ही६-रनएक्स१ सारखा उत्तम जीन असलेलं मूलही उपचार अर्धवट सोडले तर वाचत नाही. दोन-अडीच वर्षांचा पूर्ण कोर्स हाच उपचार आहे. अडचण आली तर गायब होऊ नका, फोन करा. राहण्याची, प्रवासाची, पैशांची सोय बघणारे समाजसेवक मोठ्या रुग्णालयांत असतात. मुंबईत सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रांत बाहेरगावच्या कुटुंबांची मोफत राहण्याची सोय होते.

आमच्या मुलाला किती टक्के?

टक्के सांगतो, पण ते शंभर मुलांचे असतात. ८० टक्के म्हणजे अशा शंभर मुलांतली ऐंशी बरी झाली. तुमचं मूल कुठल्या बाजूला असेल, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. आकडा कुठल्या देशातला, कुठल्या वर्षीचा, कुठल्या उपचारांवरचा, हेही विचारा, कारण ते झपाट्याने बदलतायत. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘स्टँडर्ड रिस्क’ गटातल्या, पण आजार परतण्याचा धोका मध्यम किंवा जास्त असलेल्या मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोला ब्लिनाट्युमोमॅबची जोड दिल्यावर तीन वर्षांनी आजारमुक्त मुलांचं प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेलं.

आजार परत आला तर जुना जीन रिपोर्ट चालतो का?

नाही, तपासण्या पुन्हा करायच्या. परतलेल्या पेशींत नवे बदल असू शकतात. एनटी५सी२ या जीनमधल्या म्युटेशनमुळे ६-एमपी निरुपयोगी होते, टीपी५३ बिघडलं तर आजार जास्त चिवट होतो. आजार किती काळाने परतला, तेही तितकंच महत्त्वाचं: उपचार संपून सहा महिने उलटल्यावर परतला तर पुन्हा बरं होण्याची शक्यता चांगली, निदानापासून दीड वर्षाच्या आत परतला तर कठीण. कार-टी उपचारही (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याचा) आता आपल्याकडे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती १५ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. त्याहून लहान मुलासाठी काय करता येईल, ते मोठ्या केंद्रात विचारावं लागेल.

उपचार संपले. आता ही जाडजूड फाइल ठेवायची का?

ठेवायची, मूल मोठं होऊन स्वतःची काळजी घेईपर्यंत. पहिला बोन मॅरो रिपोर्ट, जनुकीय रिपोर्ट, महिन्याअखेरची एमआरडी, एनयूडीटी१५ चा निकाल आणि डॉनोरुबिसिन किंवा डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधांचा एकूण डोस, एवढे कागद वेगळे काढा. त्या औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे वीस वर्षांनी तिच्या बाळंतपणात किंवा त्याच्या एखाद्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर तो आकडा विचारतील. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, आणि फोटो काढून आई-वडील दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.